सहावा विषय

अकरावीच्या वेळी महाविद्यालयाच्या फलकावर लागलेल्या यादीत माझे आणि माझ्या आजच्या एका मित्राचे नाव लागोपाठ होते. दोघांनाही ७१.०० टक्के. मी मराठी माध्यमाचा, तो उर्दू माध्यमाचा. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलेदेखील नव्हते. फलकापुढच्या गर्दीत ओळख झाली, गुणपत्रिका शेजारी शेजारी धरल्या गेल्या आणि गंमत उघडकीस आली. मला इंग्रजीत ४३ गुण होते, त्याला ६२. त्याला मराठीत ३९, मला ७८. म्हणजे मंडळाने माझे इंग्रजी वगळले होते आणि त्याचे मराठी. उरलेल्या पाच विषयांची बेरीज मात्र दोघांचीही ३५५!

दहावीला विषय सहा, पण टक्केवारी सर्वांत चांगल्या पाचांची. ह्यालाच आपण ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतो. पास व्हायला सहाही विषय लागतात, नाव कमवायला पाच पुरतात. सहाही धरले असते तर मी ६६ टक्क्यांच्या किंचित वर आणि मित्र किंचित खाली राहिला असता. नियमाने आम्हां दोघांनाही पाच-पाच टक्के दिले. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल, म्हणून आधीच सांगतो की माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही.

हा नियम आला कुठून? मुंबईतील नामांकित महाविद्यालयांत राज्य मंडळाची मुले इतर मंडळांच्या मुलांपुढे मागे पडतात, अशी ओरड होती. २००८ साली शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र काढले; ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना देण्याचे ठरले. तेही रद्द झाले. २०१० साली बेस्ट ऑफ फाइव्ह आले. उच्च न्यायालयाने तेही नाकारले, पण त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि ते आजतागायत चालू आहे. थोडक्यात, हे भांडण माटुंगा-चर्चगेटच्या जागांसाठी झाले. आपल्या कला शाखेत अर्ध्या टक्क्यासाठी रांग लागत नाही. त्या पाच टक्क्यांनी मला इथे असे काही मिळवून दिले नाही, जे एरवी मिळाले नसते. एक गोष्ट मात्र झाली. माझे ४३ कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत.

कोणी म्हणेल, गुणपत्रिकेवर सहाही आकडे छापलेले असतात, लपते कुठे? खरे आहे. पण वाचतो कोण? कार्यालयात टक्के वाचतात, नातेवाईक टक्के विचारतात, पेढेही टक्क्यांवर वाटले जातात. अकरावीच्या पहिल्याच तासाला इंग्रजीच्या सरांनी आम्हां ७१ टक्केवाल्यांना एकाच मापाने धरले आणि सहामाहीला माझी जी दैना झाली ती वर्गाला ठाऊक आहे. मित्राची दैना वेगळ्या ठिकाणी झाली. त्याच्या घरी लूमचे काम. महापालिकेची नोटीस आली, ती मराठीत. घरातला शिकलेला मुलगा म्हणून ती वाचायला त्याच्याकडे दिली गेली. ‘उपरोक्त’ आणि ‘सबब’ ह्या दोन शब्दांवर तो अडला तो अडलाच.

आपल्या गावात हा प्रश्न दुसऱ्या गावांहून अधिक बोचरा आहे. बाजारात हिंदी-उर्दू, पद्मानगरात तेलुगू, कचेरीत मराठी आणि काल्हेर-माणकोलीच्या गोदामांत संगणकापुढे बसायचे तर इंग्रजी. ह्यांतील जी भाषा आपल्याला कच्ची, तीच नेमकी सहावी होऊन गळते आणि पुढे तिच्याच दारात उभे राहावे लागते. तलाठी भरतीच्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन ह्या चारही भागांचे गुण धरतात. तिथे ‘ह्यातले एक सोडा’ म्हणायची सोय नाही.

चांगले तेवढे दाखवण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत सॅट परीक्षा अनेकदा देता येते आणि कोणत्या वेळचे गुण महाविद्यालयाला पाठवायचे हे २००९ पासून विद्यार्थ्याला ठरवता येते, जरी काही महाविद्यालये सगळेच गुण मागतात. आपल्याकडे जेईई मेन २०१९ पासून वर्षातून दोनदा होते आणि त्यांतले चांगले गुण धरतात. पण तिथे निवडीला पैसे पडतात: पुन्हा फी, पुन्हा प्रवास, पुन्हा बुडालेला रोज. ज्याच्याकडे दोनदा बसण्याइतकी ऐपत, त्याचीच निवड खरी. बेस्ट ऑफ फाइव्ह त्या मानाने फार प्रामाणिक आहे. सहा पेपर सर्वांनाच, आणि वगळायचा एकच. श्रीमंताला दोन वगळता येत नाहीत.

म्हणून माझी सूचना एवढीच होती, की प्रवेश पाचांवरच द्यावा, पण प्रवेश झाल्यावर प्राध्यापकांनी प्रत्येकाचा सहावा आकडा विचारावा आणि त्यानुसार जुलैपासूनच जादा तास घ्यावेत. ही सूचना मी मोठ्या उत्साहाने मित्राला ऐकवली. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “तू इंग्रजीत कच्चा असलास तर लोक म्हणतील, पोरगा इंग्रजीत कच्चा आहे. मी मराठीत कच्चा म्हटले की लोक वेगळेच काही म्हणतील. यादी करून फलकावर लावणार असाल तर माझे नाव त्यात नको.”

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. भिवंडीत राहून ही गोष्ट मला आपणहून सुचू नये ह्याची लाज वाटली. आमचे दोन दिवस बोलणे झाले नाही, असे लिहिले तर तो रागावेल. पण झाले नाही.

मग सूचना बदलली. विचारायचे कोणी नाही. ज्याला वाटेल त्याने आपला सहावा आकडा चिठ्ठीवर लिहून, ज्या प्राध्यापकांवर विश्वास असेल त्यांच्या हाती द्यावा. यादी नाही, फलक नाही. सर्वांत चांगले गुण कुठे पाठवायचे हे मंडळ ठरवते. सर्वांत वाईट गुण कोणाला दाखवायचे हे आपण ठरवायचे. येत्या जुलैत अकरावीला येणाऱ्यांसाठी अशी कोरी चिठ्ठी तयार करण्याची परवानगी आम्ही मागितली आहे. तीवरील चार ओळी मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत असतील. मराठी मसुदा मित्राने हट्टाने स्वतः केला. मराठीच्या मॅडमनी त्यात तीन चुका काढल्या. पैकी एक मी ‘दुरुस्त’ केलेल्या शब्दात होती. इंग्रजी मसुदा माझ्याकडे आहे. अजून व्हायचा आहे.