पंच म्हणेल ती पूर्व दिशा?

येनात साले नदीकाठच्या मैदानावर माझा मुलगा रग्बी खेळतो. गेल्या मोसमात लागोपाठच्या दोन शनिवारी त्यानं एकच चूक केली. रकमध्ये चेंडूवर छत धरल्यासारखा आडवा पडला. पहिल्या शनिवारी पंचांनी खेळ चालू ठेवला. दुसऱ्या शनिवारी शिट्टी, पेनल्टी, आणि सामना गेला. घरी येताना त्यानं विचारलं, "बाबा, मग नियम नक्की काय आहे?"

पुस्तकात तो स्वच्छ आहे. मॉलमध्ये चेंडू हातात असतो. रकमध्ये तो जमिनीवर असतो आणि झुंजणाऱ्यांनी पायांवर उभं राहायचं असतं. प्रत्यक्षात कुठलाही रक बघा, निम्मे आडवे! प्रत्येक चूक पकडली तर खेळच होणार नाही, म्हणून पंच बऱ्याच सोडून देतात. शिवाय भिंगालाही दिसण्याची मर्यादा असते, हे अर्न्स्ट आबेनं १८७३ साली याच गावातून जगाला दाखवलं. पंचाला मर्यादा आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं भांडण वेगळं आहे. कुठली चूक सोडायची, हे पंच मनाशी ठरवतात आणि खेळाडूला ते शिट्टी वाजल्यावर कळतं. चेंडू 'स्पष्टपणे जिंकला' की ते 'यूज इट' म्हणतात, मग पाच सेकंद. सेकंद सगळ्यांना मोजता येतात, पण ती कधी सुरू होणार हे एकालाच ठाऊक. कबड्डीतही दम तुटला की नाही हे पंचाच्या कानावर असायचं. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लागलं आणि तो वाद संपला.

२६ फेब्रुवारी २०१७ आठवा. ट्विकनहॅमवर इटलीनं टॅकलनंतर रक करायला माणूसच पाठवला नाही. रक नाही, म्हणून ऑफसाइडची रेषा नाही. गोंधळलेल्या जेम्स हॅस्केलनं रकसाठी काय लागतं असं पंच रोमाँ पोइत यांना विचारलं, तर आपण प्रशिक्षक नाही, असं उत्तर मिळालं. पोइत नियमाला धरून होते. पण इंग्लंडसारख्या संघाला भर सामन्यात रकची व्याख्या विचारावी लागते, याचा अर्थ त्यांना खेळ पुस्तकानं नव्हे, शिट्टीनं शिकवला होता. त्याच वर्षी रकची व्याख्या बदलावी लागली.

आपली मंडळी म्हणतात, रग्बीत पंचाशी हुज्जत घालत नाहीत, हीच तर या खेळाची शान. कबूल. पण आदर म्हणजे मुकाटपणा नव्हे. याच जर्मनीत सरकारी अधिकारी आपला 'एर्मेसन', म्हणजे स्वेच्छाधिकार, वापरून लेखी निर्णय देतो तेव्हा त्याला कारणंही द्यावी लागतात. व्हिसाच्या कागदांवर आयुष्य तोलून धरलेल्या आपल्याला या हक्काचं मोल कुणी सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. मुलांच्या सामन्याआधी पंचांनी दोन्ही संघांना सांगावं: रकमध्ये आडवं पडणं कधी पकडणार, थांबलेल्या मॉलला किती वेळ देणार. दोन मिनिटांचं काम. आणि पेनल्टी दिल्यावर एका वाक्यात कारण.

त्या शनिवारी मी मुलाला म्हणालो, "पंचांनाच विचारायचं होतंस."

"फक्त कप्तान विचारू शकतो, बाबा. त्यानं विचारलं होतं."

"मग?"

"शिट्टी वाजवून झाली, म्हणाले."