गोणीतला साल्मोनेला

1970च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्रायलमध्ये ‘साल्मोनेला अगोना’ या एरवी क्वचित आढळणाऱ्या जिवाणूमुळे ताप-जुलाबाचे रुग्ण वाढू लागले. माग काढता काढता तो पोहोचला पेरूहून आलेल्या फिशमीलपर्यंत, म्हणजे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायच्या सुक्या मासळीच्या भुकटीपर्यंत. आजारी पडलेल्यांनी ती भुकटी कधी पाहिलीही नव्हती.

तरी विषबाधा झाली की बोट दाखवले जाते ते अंड्याकडे, मांसाकडे किंवा स्वयंपाक्याकडे. खाद्याच्या गोणीकडे क्वचितच. कोरड्या खाद्यात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन्महिने तग धरतो. गोळी खाद्य तयार करताना वाफेने तो बराचसा मरतो. मात्र गोळ्या थंड होताना पाणी सुटले किंवा गोदामात उंदरा-पाखरांची विष्ठा पडली, की पुन्हा शिरतो. रंग-वासावरून काहीच कळत नाही.

प्रयोगशाळेत 25 ग्रॅम खाद्य 225 मिलिलिटर पेप्टोनच्या द्रावणात घालून 37 अंशांच्या आसपास 18 तास ठेवतात. उष्णतेने, कोरडेपणाने अर्धमेले झालेले जिवाणू आधी सावरले पाहिजेत. घाईने ही पायरी गाळली, तर दूषित खाद्यही ‘स्वच्छ’ ठरते. मग इतर जिवाणूंना दाबणाऱ्या द्रावणांत आणखी एक दिवस, त्यानंतर एक्सएलडी माध्यमाच्या बशीवर पेरणी. तिथे काळ्या मध्याच्या लाल वसाहती दिसल्या तर संशय, आणि पुढच्या चाचण्यांनी खात्री. एकूण चार-पाच दिवस. पीसीआर एखाद्या दिवसात उत्तर देते. पण तिला मेलेल्या जिवाणूचा डीएनएही सापडतो, म्हणून ‘पॉझिटिव्ह’ आले तर बशीवरची खात्री हवीच.

खरी गफलत होते ती नमुना घेताना. जिवाणू साठ्यात सारखे पसरलेले नसतात. दहा टनांच्या खेपेतल्या एकाच गोणीच्या तोंडचे मूठभर खाद्य तपासून आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल फारसे काही सांगत नाही. अनेक गोण्यांतून, वरून-खालून नमुने घ्यावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणे म्हणून नेमके टाळले जाते.

अगोनाचा माग लागला, कारण रुग्णांच्या शौचातला आणि खाद्यातला जिवाणू कोणत्या उपप्रकाराचा, याची नोंद झाली होती. रुग्णालयाच्या अहवालात नुसते ‘साल्मोनेला’ लिहून पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला कळवलेच नाही, तर असा धागा जुळणार कसा? लहान गिरणीवाल्याकडे कच्चा माल चार दिवस अडवून ठेवायला ना जागा असते ना भांडवल. त्याला पीसीआरची पहिली चाचणी सरकारी प्रयोगशाळेत परवडेल अशा दरात मिळाली, तर फिशमीलची खेप निदान मिश्रणात पडण्याआधी तपासली जाईल.