तारा नायलॉनच्याच हव्यात

स्पेनचे फ्लॅमेन्को शिकायचे तर गिटारही खास फ्लॅमेन्कोचीच हवी, हा हट्ट मेळघाटातल्या धारणीच्या होतकरू मुलाने आधी सोडून द्यावा. खरी फ्लॅमेन्को गिटार आपल्याकडे सहसा मिळत नाही, मिळाली तर नवशिक्याला परवडत नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षे तिच्यावाचून काही अडतही नाही. त्याला लागते ती पूर्ण मापाची, नायलॉनच्या तारांची साधी क्लासिकल गिटार. तेवढे सांभाळले की बाकीचे बरेचसे घरी जुळवता येते.

पण नेमके तेच सांभाळले जात नाही. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधले ‘सेन्योरिता’ ऐकून पोरगा परतवाड्याला किंवा अमरावतीला जातो आणि ‘स्पॅनिश गिटार दाखवा’ म्हणतो. दुकानदारही काही फसवत नाही. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ती हवाईयन, छातीशी धरायची ती स्पॅनिश, एवढाच भेद आपल्या बाजारात चालत आला आहे. त्यामुळे पुढ्यात येते ती स्टीलच्या तारांची, तीन-चार हजारांची चकचकीत गिटार. सोयाबीनच्या पैशातून बाप ती घेऊन देतो आणि थोड्याच दिवसांत ती खुंटीला लागते.

यात पोराचा दोष नाही. फ्लॅमेन्कोत उजव्या हाताची बोटे एकामागोमाग उलगडत नखांनी सगळ्या तारांवर फिरतात. त्याला रास्गेआदो म्हणतात. स्टीलवर हे केले की नखे झिजतात, मोडतात. सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास असतो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास. स्टीलच्या गिटारीची दांडीही अरुंद, वरच्या टोकाला साधारण ४३ मिलिमीटर. क्लासिकल गिटारीची तिथली रुंदी ५२ असते, आणि बोटांना तारांमधली ती जागा लागतेच. तारा बदलून काम भागेल, असेही समजू नये. क्लासिकल गिटारीवर स्टील चढवले तर ताणाने ब्रिज उखडून येतो. स्टीलच्या गिटारीला नायलॉन लावले तर आवाज मरतो.

दहा हजारांच्या आसपास यामाहाची सी-४० मिळते. तारांची लांबी ६५० मिलिमीटर, रुंदी ५२, म्हणजे मापे बरोबर. तिची पुढची फळी अखंड लाकडाची नसून प्लायची असते, म्हणून जाणकार नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे खरे आहे, अखंड फळी जास्त मोकळी बोलते. पण ते जाणकार मेळघाटात राहत नाहीत. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीकडे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते, आणि पाऊस लागला की भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा हवेत अखंड फळीला चीर जाते, प्लाय तग धरतो. धारणीसाठी मी प्लायच सांगेन, आणि टिनाच्या छपराखाली उघडी न ठेवता पिशवीत ठेवा असेही सांगेन.

स्वस्त लाकडाची लाज तर अजिबात बाळगू नये. फ्लॅमेन्को गिटारीची ती सुप्रसिद्ध फिकट बाजू आणि पाठ सायप्रसची असते, आणि सायप्रस हे स्पेनमध्येच उगवणारे, परदेशातून येणाऱ्या शिसवापेक्षा कितीतरी स्वस्त लाकूड. अल्मेरियाचे आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी आजच्या गिटारीचा घाट ठरवला. त्यांनीही सायप्रसच्या गिटारी केल्या. वजनाला हलकी, आवाज कोरडा, चटकन उठणारा आणि चटकन विरणारा. नाचणाऱ्याच्या टाचांमध्ये तोच ऐकू जातो. पुढे मैफलीचे वादक शिसवाकडे वळले. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर भारतातले शिसव जगभरच्या गिटारींना लागू लागले. म्हणजे आपल्या जंगलांतल्या झाडाचे भाऊबंद स्पॅनिश कारखान्यांत पोचले, आणि आपल्या पोराला मात्र नायलॉनची साधी गिटार तालुक्याच्या बाजारात दिसत नाही. हे मला फार लागते.

गिटार घरी आली की पहिले काम तारांची उंची. बाराव्या पडद्यावर जाड तार क्लासिकल गिटारीत चार मिलिमीटरच्या आसपास असते, फ्लॅमेन्कोला तीन किंवा थोडी कमी हवी. ब्रिजमधली पांढरी पट्टी काढून तिची खालची कड घासायची. वर एक मिलिमीटर कमी करायचे तर पट्टी दोन मिलिमीटर उतरवावी लागते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, थोडे घासून, पुन्हा बसवून बघत. गावातला चांगला सुतार हे सहज करील, फक्त कानस वापरू देऊ नका. तारांची किंचित खरखर आली तरी चालेल, फ्लॅमेन्कोच्या कानाला ती खपते. बोटाने फळीवर थाप मारतात तिथे पारदर्शक चिकटपट्टीचा पातळ पत्रा लावावा, नाहीतर पॉलिश उडते. आणि नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस सारख्या उतरतात. गिटार बिघडली समजून परत पाठवू नका, पुन्हा पुन्हा सुरात लावत राहा.

दहा हजार ज्यांना जड आहेत त्यांनी तिघांनी मिळून एक घ्यावी. तीन घरांत तीन वाईट गिटारी असण्यापेक्षा एका खोलीत एक चांगली असलेली बरी, कारण ही कला तशीही समोरासमोर बसून, ऐकून शिकायची आहे. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) हा या वाद्याचा सर्वांत मोठा वादक घरी वडिलांकडून आणि भावाकडून शिकला, नोटेशन त्याला वाचता येत नव्हते. धारणीत शिक्षक नाही, पण ताल आहे. होळीतल्या फगव्याच्या ढोलावर वाढलेल्या कोरकू मुलाला वजन कुठे पडते हे सांगावे लागत नाही, आणि फ्लॅमेन्कोत सगळ्यात आधी तेच लागते.

सुरुवात फ्लॅमेन्कोतल्या टँगोस या प्रकारापासून करावी. चार मात्रांचा ताल आहे, केरव्याच्या कानाला जवळचा. डावा हात दोन-तीन पकडींवरच ठेवून उजव्या हाताला लय पक्की होऊ द्यावी, मोबाइलवरच्या मेट्रोनोमबरोबर, सावकाश. सोलेआ या प्रकाराच्या बारा मात्रा मोजायला मग घ्याव्यात, तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर वजन देत. आधी हाताने टाळ्या वाजवून, नंतर तारांवर.