हळदीघाटीचे वैर आणि आपला वारसा

बौद्ध बंधुभगिनींनो,

धम्मदीक्षा घेऊन तुम्ही जुना धर्म टाकला. परंतु त्या धर्माच्या नावाने सांगितली जाणारी वैरे मुलांच्या मनात तशीच राहू द्यावयाची काय? हमरापूर असो वा रोहे, रजपूत-मुसलमानांच्या लढाया 'आपल्या व परक्यांच्या' म्हणून रंगवून सांगणारे गावोगाव भेटतात. दावा पुढे आला की वकील प्रथम पक्षकार पाहतो. या दाव्याचेही पक्षकार तपासू या.

18 जून 1576 रोजी हळदीघाटीत मेवाडचा राणा प्रताप अकबराच्या सैन्याशी लढला. त्या बादशाही सैन्याचा सेनापती कोण? आमेरचा रजपूत मानसिंह! आणि राणा प्रतापाच्या आघाडीस कोण? हकीम खान सूर हा अफगाण मुसलमान! मग हे धर्मयुद्ध कसले? तो राज्यासाठी झालेला झगडा होता.

इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत, फेब्रुवारी 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या कारतलबखानाला कोंडीत धरले. त्याच्या फौजेत माहूरची रायबागन ही हिंदू स्त्री सरदार होती. शरण आलेल्या फौजेला महाराजांनी जाऊ दिले. जिंकणाऱ्याने जे वैर तेथेच संपविले, ते तुम्ही कशासाठी पुढे चालवावे?

कोणी म्हणेल, मुसलमानी आक्रमणात बौद्ध विहार उद्ध्वस्त झाले. बाबासाहेबांनीच तसे लिहिले आहे. होय, झाले. परंतु बाराव्या शतकातील आक्रमकाचे देणे आजच्या शेजाऱ्याकडून वसूल करावे, असा न्याय कोणत्याही न्यायालयात नाही.

आता खऱ्या वारशाचा पुरावा पाहा. बादशहा गेले, राजे गेले, पेशवे गेले. पाणवठ्यावरची बंदी मात्र राहिली. 20 मार्च 1927 रोजी याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' करणारे कोणी मोगल नव्हते! त्यांनी दिवाणी दावा लावला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात ते हरले आणि आपला हक्क शाबीत झाला. तलवारीवाचून जिंकलेली ही लढाई तुमच्या किती मुलांना सनावळीसह सांगता येते?

बंधुभगिनींनो, संविधानाच्या ज्या 25 व्या कलमाने तुमचे धर्मांतर सुरक्षित आहे, त्याच कलमाने शेजाऱ्याचा नमाजही सुरक्षित आहे. त्याच्यापुरते ते ढिले होऊ दिलेत, तर तुमच्यापुरते ते घट्ट राहणार नाही. म्हणून दुसऱ्यांच्या सिंहासनांची भांडणे वारसाहक्काने स्वीकारू नका. मुलांना हळदीघाटी अवश्य शिकवा, पण दोन्ही बाजूंच्या सेनापतींच्या नावांसह शिकवा. आणि त्याआधी महाड शिकवा.

जयभीम!