204 ट्राम, एक कारखाना आणि थंडीत उभे असलेले प्रवासी

कॅनडात मास्टर्सला गेलेला एखादा सीनिअर तुमच्या ओळखीत असेलच. टोरांटोत असेल तर त्याला विचारा, कॉलेजला कसा जातोस? बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘स्ट्रीटकारने’. स्ट्रीटकार म्हणजे आपली ट्राम. आपली म्हणायचं ते जुन्या फोटोंपुरतंच, कारण मुंबईने 31 मार्च 1964 ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम चालवून तो विषय संपवला. टोरांटोने मात्र ट्राम टिकवली आणि आज उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं ट्रामचं जाळं त्या शहरात आहे. युनिव्हर्सिटीच्या मुख्य कॅम्पसच्या एका बाजूने स्पाडायना मार्गाची ट्राम जाते आणि कॉलेज स्ट्रीटवरून दुसरी.

याच शहराने नव्या ट्रामची ऑर्डर दिली आणि पुढची दहा वर्षं जे झालं, ते इंजिनीअरिंग, कॉमर्स किंवा लॉ शिकणाऱ्या कुणीही एकदा नीट समजून घ्यावं असं आहे.

टोरांटोच्या जुन्या ट्राम 1979 पासून रस्त्यावर होत्या. तीन उंच पायऱ्या चढल्याशिवाय आत जाता येत नसे. व्हीलचेअरवरचा माणूस ट्रामस्टॉपवर नुसता बघत राहणार, कारण त्याच्यासाठी ती गाडी नव्हतीच. म्हणून टोरांटोची वाहतूक संस्था टीटीसी हिने जून 2009 मध्ये बॉम्बार्डिए या कॅनडाच्याच कंपनीशी करार केला: 204 ट्राम, किंमत सुमारे 85 कोटी कॅनेडियन डॉलर, आणि शेवटची गाडी 2019 संपायच्या आत. नवी ट्राम 30 मीटर लांब, पाच भागांची, जमीन रस्त्याला लागून, दाराशी रॅम्प आणि जुन्या ट्रामच्या जवळपास दुप्पट माणसं घेणारी. कागदावर सगळं झकास.

आता पहिली मेख. युरोपात धावणारी तयार ट्राम उचलून टोरांटोत ठेवता येत नाही. जगभरच्या स्टँडर्ड गेजमध्ये रुळांतलं अंतर 1435 मिलिमीटर असतं, टोरांटोत ते 1495 आहे. वळणं तर इतकी आखूड की काहींची त्रिज्या 11 मीटरच्या आसपास. 2008 मध्ये पहिल्या फेरीतला बॉम्बार्डिएचा प्रस्ताव टीटीसीने नाकारला होता, कारण ती गाडी आमच्या रुळांवरून घसरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पुन्हा बोलणी झाली आणि शेवटी काम त्याच कंपनीला गेलं. सीमेन्सही शर्यतीत होती, पण तिचा आकडा बराच वर होता. सरकारी खरेदीत कमी आकड्याला डावलून जास्त आकडा निवडायचा, तर उद्या ऑडिटमध्ये उत्तर कोण देणार?

पहिल्या ट्राम 31 ऑगस्ट 2014 ला स्पाडायना मार्गावर धावल्या. फोटो निघाले, लोक खूश. आणि मग... काही नाही. म्हणजे खरंच फार काही नाही. 2015 संपेपर्यंत सत्तरच्या आसपास गाड्या यायला हव्या होत्या, आल्या वीसपेक्षाही कमी.

अडलं कुठे? गाडीचे सांगाडे आणि काही भाग बनत होते मेक्सिकोतल्या साहागुनमध्ये आणि जोडणी होत होती ओंटारिओतल्या थंडर बे इथे. मधे हजारो किलोमीटर. मेक्सिकोतून आलेले भाग जोडायला घेतले की एकमेकांत बसेनात. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब केला असेल तर दोन तुकडे अर्ध्या मिलिमीटरने चुकले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तेच इथे अख्ख्या ट्रामचं झालं. घासा, कापा, पुन्हा वेल्डिंग करा. त्यातच 2014 च्या उन्हाळ्यात थंडर बेच्या कामगारांचा दोन महिने संप. शिवाय खराब वाटलेल्या गाड्या टीटीसी ताब्यातच घेत नव्हती. माझ्या मते टीटीसीचा हा निर्णय सगळ्यात बरोबर होता, पण लोकांच्या शिव्या मात्र तिलाच खाव्या लागल्या.

मधल्या काळात जुन्या ट्राम काय करत होत्या? मरत होत्या. त्यांचे ब्रेक आणि दारं हवेच्या दाबावर चालायची. कडाक्याच्या थंडीत पाइपमधली वाफ गोठली की गाडी डेपोतून हलायचीच नाही. सकाळी डझनावारी ट्राम बंद आणि स्टॉपवर उणे वीसमध्ये उभी माणसं. ज्या गाड्या भंगारात जायच्या होत्या त्यांच्याच दुरुस्तीवर पैसे घालावे लागले. 2018 मध्ये डंडास मार्गावर तर ट्राम पुरेनात म्हणून बस धावल्या. रूळ आहेत, वीज आहे, फक्त गाडी नाही.

तुम्ही म्हणाल, करार मोडायचा ना सरळ! ऑक्टोबर 2015 मध्ये टीटीसीच्या बोर्डाने निदान 5 कोटी डॉलरची भरपाई मागायचं ठरवलं. पण उशिराच्या दंडाला करारातच वरची मर्यादा होती. 85 कोटींच्या कामात 5 कोटी म्हणजे सहा टक्के. आणि मोडून जायचं कुठे? नवं टेंडर, नवं डिझाइन, पुन्हा ते 1495 मिलिमीटर, पुन्हा ती वळणं. पाच-सहा वर्षं सहज जाणार. खरी ताकद टेंडरच्या दिवसापर्यंतच ग्राहकाच्या हातात असते. सही झाली की ती हळूहळू पलीकडे सरकते.

शेजारच्या एका संस्थेने करार मोडायचा प्रयत्न केलाही. मेट्रोलिंक्स ही ओंटारिओ प्रांताची संस्था. तिनेही बॉम्बार्डिएला 182 गाड्या सांगितल्या होत्या. तिने करार रद्द करायची नोटीस दिली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2017 मध्ये कोर्टाने सांगितलं की आधी करारातली वाद सोडवायची पद्धत पाळा. शेवटी ऑर्डर 76 वर आली. सावधगिरी म्हणून मेट्रोलिंक्सने 61 गाड्या आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीला दिल्या. गंमत पुढे आहे. 2021 मध्ये याच आल्स्टॉमने बॉम्बार्डिएचा रेल्वे विभागच विकत घेतला. पर्याय म्हणून जिच्याकडे गेलो, तीच मूळ कंपनीची मालकीण!

बॉम्बार्डिएने नंतर किंग्स्टनजवळ दुसरी जोडणी सुरू केली आणि वेग खरंच वाढला. पण जुलै 2018 मध्ये नवी बातमी आली. आधी दिलेल्या गाड्यांपैकी 67 गाड्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष. लगेच धोका नव्हता, पण तीस वर्षं टिकायची गाडी तितकी टिकली नसती. त्यामुळे टप्प्याटप्प्याने एकेक गाडी क्विबेकमधल्या ला पोकातिएरच्या कारखान्यात परत पाठवायची. खर्च कंपनीचा, पण तेवढे महिने गाडी कमी, ती शहराला.

जुन्या ट्रामनी 29 डिसेंबर 2019 ला क्वीन स्ट्रीटवर शेवटची फेरी मारली. बघायला ही गर्दी. 204 वी नवी ट्राम जानेवारी 2020 मध्ये पोहोचली, म्हणजे शेवटची तारीख जेमतेम हुकली. नुसतं हे वाक्य वाचलं तर वाटेल, चला, वेळेवरच झालं की. मधल्या पाच वर्षांत स्टॉपवर उभं राहिलेल्यांचा हिशेब त्यात कुठेच दिसत नाही.

2021 मध्ये टीटीसीने आणखी 60 ट्राम मागवल्या. कुणाकडून? आल्स्टॉमकडून, तेच डिझाइन, तोच थंडर बेचा कारखाना. यावर हसू येईल, पण डिझाइनमधल्या चुका तोवर निघून गेल्या होत्या आणि त्या चुका निस्तरायला शिकलेले कामगार त्याच कारखान्यात होते. 2023 पासून त्या गाड्या येऊ लागल्या.