मैदान मुंबईला, पाय शहापूरला

पोलीस भरतीचे वारे वाहू लागले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या रस्त्यांच्या कडा भल्या पहाटे जाग्या होतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक असे मैदानी परीक्षेचे गणित. ना प्रशिक्षक, ना धावपट्टी. कुणाच्या तरी हातातला मोबाइल हेच घड्याळ. यांतली बरीच मुले मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाडजवळ शिवळ्याला शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. तरीही विद्यापीठाच्या संघात ही मुले फारशी दिसत नाहीत. पाय आहेत, छाती आहे, जिद्दही आहे. मग अडते कुठे?

या विद्यापीठाची क्रीडापरंपरा लहान नव्हे. आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकातून अजित वाडेकर आणि सुनील गावसकर पुढे आले. खेळांत अव्वल ठरणाऱ्या विद्यापीठासाठी 1956-57 मध्ये मौलाना आझाद करंडक सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी मुंबईने आणला. पण ही परंपरा घडली ती चर्चगेट आणि दादरच्या आसपासच्या मैदानांवर, जिमखान्यांच्या सावलीत. विद्यापीठाची हद्द मात्र मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरली आहे. विभागवार स्पर्धा होतात, नाही असे नाही. पण शेवटची निवड आणि सराव शिबिर बहुधा मुंबईकडेच ओढले जाते.

आता टोकावड्याच्या एखाद्या मुलीचा हिशेब मांडून पाहा. आधी मुरबाडपर्यंत एसटी. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून तिथून कल्याणपर्यंत पुन्हा रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर. मग लोकलची गर्दी. सकाळी आठला मरीन लाइन्सच्या मैदानावर हजर राहायचे तर आदल्या रात्रीच मुंबई गाठायला हवी, आणि रात्री उतरायचे कोणाकडे? शहापूरकराला आसनगावची लोकल आहे हे त्याचे भाग्य; तरी डोळखांब, किन्हवलीहून आसनगाव गाठण्यातच सकाळ निम्मी होते. एवढे करून अंग आखडलेल्या अवस्थेत तिने धावायचे, आणि तिच्याशी शर्यत लावणारी मुलगी मैदानापासून दोन स्टेशनांवर राहणारी! याला निवड चाचणी म्हणायचे की प्रवासाची परीक्षा? (भातसा, तानसाचे पाणी मात्र याच तालुक्यातून रोज बिनबोभाट मुंबईत पोचते.)

अंतराइतकाच आडवा येतो तो हंगाम. जून-जुलैत महाविद्यालये उघडतात, खेळांची जुळवाजुळव सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच भाताची आवणी असते. घरचे दोन हात शेतातून काढून सरावाला पाठवणे कुणालाच परवडत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. कबड्डीचे तर आणखी वेगळे. गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांत तयार झालेला गडी मातीवर वाघ असतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मॅटवर बूट घालून पहिल्यांदा उतरला की त्याची पकडच सुटते.

कॅनडात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तिथल्या विद्यापीठांच्या खेळांचे भारी अप्रूप वाटते. टोरोंटोचे 'व्हर्सिटी ब्लूज', व्हँकुव्हरचे 'थंडरबर्ड्स' अशी संघांची नावे, स्वतःची स्टेडियमे, पगारी प्रशिक्षक. तिथेही विद्यार्थी फीमधून खेळासाठी वेगळी रक्कम भरतात, आपल्या पावतीतही जिमखान्याचा रकाना असतोच. पण तिथे संघात निवड झालेल्या खेळाडूचा स्पर्धेचा प्रवास आणि मुक्काम ही मुख्यतः विद्यापीठाची काळजी असते. आपल्याकडे निवडीपर्यंतचा सारा रस्ता खेळाडूने पदरमोड करून चालायचा.

हा केवळ हौसेचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. खेळातल्या सहभागाबद्दल विद्यापीठ परीक्षेत दहा गुणांपर्यंत सवलत देते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतले वरच्या पातळीचे यश लागते. गावच्या सामन्यात जिंकलेली ढाल तिथे चालत नाही. म्हणजे नोकरीची एक वाट निवड चाचणीच्या फाटकातून जाते. हे फाटक ज्यांना दूर पडते त्यांच्या वाट्याला उरतो तो भरतीचा सोळाशे मीटरचा रस्ता, आणि तिथली गर्दी सर्वांना ठाऊक आहे.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत आठवून पाहावी. आदिवासी पाड्यातल्या या मुलीने 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून आपण तिचे कौतुक केले. त्या कौतुकात एक गोष्ट मागे पडली: तिला विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला तो नाशिकमध्ये, म्हणजे तिच्याच जिल्ह्यात. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, त्यांच्या क्रीडास्पर्धाही होतात. शाळेत धावणारी ती मुले अकरावी-बारावीनंतर कुणाच्या यादीत असतात?

विद्यापीठाला कल्याणमध्ये उपकेंद्र आहे. मैदानी खेळ आणि कबड्डी यांची निवड चाचणी तिथे किंवा आसनगावला, आवणी उरकल्यावर ठेवायला स्टेडियम बांधावे लागत नाही. फितीने मोजलेली दोनशे मीटरची धाव आणि दोन मॅट पुरतात. शिबिराला बोलावलेल्या मुलाला एसटीचे भाडे आणि रात्रीचे जेवण हातात पडावे, बिले मंजूर होईपर्यंत थांबून नव्हे, त्याच दिवशी. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक छापायला जाण्याआधी एवढे दोन बदल त्यात करता येतील.