आधी चाल, मग शब्द

रोमँटिक कॉमेडीचा शेवट तिकीट काढतानाच ठाऊक असतो. ती दोघं एकत्र येणार. मग असा सिनेमा आपल्याला दोन तास धरून ठेवतो तो कशाच्या बळावर? मला वाटतं, त्यातलं बरंचसं काम श्रेयनामावलीवरचं संगीत करून टाकतं. पडद्यावर नावं येत-जात असतात, कुणी काही बोलत नसतं आणि तेवढ्यात एक चाल आपल्या कानात घर करते.

'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) आठवा. पहाटेचा फिफ्थ ॲव्हेन्यू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक पिवळी टॅक्सी येते, काळ्या गाऊनमधली ऑड्री हेपबर्न उतरते आणि दागिन्यांच्या दुकानाच्या काचेपुढे उभी राहून कागदी पिशवीतली पेस्ट्री आणि कॉफी काढते. हेन्री मान्सिनीची 'मून रिव्हर'ची चाल माउथ ऑर्गनवर सुरू होते. रात्र कुठेतरी घालवून आलेली, मोत्यांनी सजलेली ही मुलगी किती एकटी आहे, हे त्या चालीतून कळतं. संवादाची गरजच पडत नाही.

पुढे बऱ्याच वेळानं तीच मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून खिडकीत बसते आणि गिटारवर हेच गाणं गाते. आता जॉनी मर्सरचे शब्द येतात. मान्सिनीनं चाल बांधतानाच हेपबर्नच्या गळ्याचा विचार केला होता. जेमतेम सप्तकभरात ती फिरते. वरच्या मजल्यावरचा लेखक टाइपरायटर सोडून खिडकीशी येतो आणि ऐकत राहतो. तो ती चाल पहिल्यांदा ऐकतोय, आपण मात्र ती केव्हाच ऐकलेली आहे. म्हणजे नायकाच्या आधी आपण तिच्या प्रेमात पडलो आहोत! म्हणूनच आता त्यानंही पडावं असं आपल्याला मनापासून वाटतं. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत उत्सुकतेची जागा ही इच्छा घेते आणि तिचं बी नावं येत होती तेव्हाच पेरलेलं असतं. मान्सिनीला या चित्रपटानं दोन ऑस्कर दिले, एक पार्श्वसंगीताचा आणि दुसरा मर्सरच्या जोडीनं गाण्याचा.

'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) तर याहून साधा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि पियानोवर 'इट हॅड टू बी यू', १९२४ सालची चाल. चित्र नाही, माणूस नाही. दिग्दर्शक रॉब रायनरनं किती विश्वास टाकलाय त्या पियानोवर! पुढे हॅरी आणि सॅली कितीतरी वर्षं वाद घालत राहतात. शेवटी ३१ डिसेंबरच्या रात्री हॅरी एकटाच रस्त्यांवरून फिरत असतो, तेव्हा फ्रँक सिनात्राच्या आवाजात त्याच चालीला शब्द फुटतात आणि हॅरी पळत सुटतो. त्याला आत्ता जे उमगलं ते सुरुवातीलाच पियानोनं सांगून ठेवलं होतं.

कधी गाणं सरळ नायिकेचंच असतं. 'ब्रिजेट जोन्सेस डायरी'त (२००१) ब्रिजेट घरी पायजम्यात, हातात वाइन घेऊन 'ऑल बाय मायसेल्फ'वर ओठ हलवते, हवेतच ड्रम बडवते. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'मध्ये (१९९९) सिग्नलला एका गाडीतल्या मुली हलक्याफुलक्या गाण्यावर माना डोलावत असतात आणि शेजारी येऊन थांबलेल्या जुन्या गाडीतून जोन जेटचं 'बॅड रेप्युटेशन' दणदणत असतं. ती गाडी चालवणारी नायिका कॅट कशी आहे हे सांगायला आणखी एक वाक्यही लागत नाही.

मराठी रसिकाला हे सगळं परकं वाटू नये. किर्लोस्करांचं 'सौभद्र' (१८८२) हे संगीत नाटक म्हणजे प्रेमाची सुखान्त गोष्टच आहे. अर्जुन-सुभद्रेचं लग्न होणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला महाभारतामुळे ठाऊक. तरी नांदीचे सूर उठले की लोक सावरून बसत, घरचे विचार मागे पडत. गोष्ट कळण्याआधी तिचा रंग कळत असे.

आज कितीतरी सिनेमे थेट पहिल्या प्रसंगात उडी मारतात. नावं शेवटी जातात आणि तेव्हा प्रेक्षक उठून चाललेला असतो. ओटीटीवर तर ती कोपऱ्यात आक्रसून पुढच्या सिनेमाची जाहिरात सुरू होते. थरारपटाला असा घाईचा आरंभ शोभतो, कारण तिथे प्रेक्षकाला बेसावध गाठायचं असतं. प्रेमकथेत त्याला आधी हळवं करायचं असतं आणि त्यासाठी वेळ लागतो. पहिलं भांडण, पहिला गैरसमज पाहण्याआधी माझ्या कानात काहीतरी रुजलेलं हवं. ते नसलं की शेवटच्या प्रसंगातलं गाणं कितीही गोड असो, ते मला अनोळखीच राहतं. दिग्दर्शकांनी संगीतकाराला ती पहिली दोन-तीन मिनिटं परत द्यावीत, अगदी काळ्या पडद्यावर दिली तरी चालतील.